थंडी आधी काय चोरते?

मुलांनो,

आमच्या पावसला थंडी पडली की सगळे खूश होतात. हापूसला मोहोर यायला थंडी लागते, म्हणून बागायतदार खूश. घामाच्या धारा थांबतात, म्हणून आम्ही मास्तरमंडळी खूश. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा मुलं स्वेटर घालून येतात. नऊ वाजेपर्यंत ते स्वेटर कमरेला बांधलेले असतात, आणि शाळा सुटली की वर्गातच विसरलेले असतात. माझ्या कपाटात आत्ता असे सात स्वेटर आहेत. (पालकहो, ओळख पटवून घेऊन जावेत!) सांगायचा मुद्दा काय, की आमच्याकडे थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. तिला घाबरायचं असतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

म्हणूनच गेल्या डिसेंबरात माझ्या चौथीच्या वर्गात एक प्रश्न आला, तेव्हा सगळी मुलं हसली. परिसर अभ्यासाचा तास होता. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, बर्फात माणूस मरतो का?"

वर्ग हसला, पण ती हसली नाही. मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा उलगडा झाला. तिचा मोठा भाऊ रत्नागिरीला कॉलेजात आहे. तोही माझाच जुना विद्यार्थी. तो आणि त्याचे चार मित्र नाताळच्या सुट्टीत उत्तराखंडात केदारकांठा नावाच्या शिखरावर निघाले होते. घरात रोज रात्री त्यावरून वाद. आई म्हणे, "नको." बाबा म्हणत, "जाऊ दे, शिकेल." आणि ही बारकी पांघरुणात जागी राहून सगळं ऐकत होती.

आता काय सांगायचं? "हो, मरतो" म्हटलं तर पोर आणखी घाबरणार. "नाही गं" म्हटलं तर ते खोटं. मी म्हटलं, "उद्या सांगते." (उत्तर जपून द्यायचं असलं की शिक्षक "उद्या सांगते" म्हणतात. हे गुपित तुम्हांला म्हणून सांगितलं.) मग पुढचे चार दिवस वर्गात आम्ही थंडीचाच अभ्यास केला. तोच आज तुमच्यासाठी.

पहिल्यांदा एक गणित केलं. तुमच्यापैकी कुणी रत्नागिरीहून एस.टी.ने कोल्हापूरला गेला असाल, तर आठवून बघा. साखरप्यापर्यंत खिडकी उघडी असते. आंबा घाट चढायला लागलो की आई म्हणते, "ती काच लाव बघू." कारण आपण जसजसे उंच जातो, तसतशी हवा थंड होते. दर एक हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे समुद्रकाठापेक्षा तिथे दहा-अकरा अंश कमी. केदारकांठा साडेबारा हजार फूट, म्हणजे सुमारे ३८०० मीटर. करा गुणाकार! फळ्यावर उत्तर आलं जवळजवळ पंचवीस. पावसला पहाटे वीस अंश असतील, तर तेवढ्या उंचीवर उणे पाच. हे झालं ढोबळ गणित. हिमालय आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहे, त्यामुळे तिथली हिवाळ्यातली रात्र याहूनही कडक असते.

"बाई, म्हणजे फ्रीजमध्ये बसल्यासारखं?" एकाने विचारलं. फ्रीजमध्ये चार-पाच अंश असतात रे बाबा. त्याच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात उणे अठरापर्यंत. केदारकांठ्याची रात्र या दोन कप्प्यांच्या मधली. आणि फ्रीजमध्ये वारा नसतो.

वाऱ्याची गंमत निराळी आहे. पहाटे बाबांच्या स्कूटरवर मागे बसून रत्नागिरीला गेलात, तर कान कसे होतात? हवा तीच, पण वारा अंगाभोवतीची ऊब ओरबाडून नेतो. शून्य अंश तापमान असताना ताशी ४० किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे सात अंशांसारखी लागते. उणे दहा असताना तोच वारा सुटला, तर उणे एकवीससारखी! म्हणून डोंगरात जाणारे लोक नुसता आकडा विचारत नाहीत, वारा किती आहे तेही विचारतात.

आणि तिसरी गोष्ट ओल. हिचं उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेरचं पाणी सुकतं, आणि सुकता सुकता आतली उष्णता घेऊन जातं. आता डोंगर चढणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तो चढताना घामाघूम होतो. आत सुती बनियन, त्यावर सुती शर्ट, दोन्ही चिंब. दम खायला तो थांबतो, वारा सुटतो. मुलांनो, त्या क्षणी तो माणूस म्हणजे माठातलं पाणी होतो! सुती कापड घाम पिऊन बसतं आणि अंगाला चिकटून राहतं. लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. म्हणून बर्फातल्या प्रवासाला जीन पँट आणि सुती टी-शर्ट नेऊ नयेत असं जाणकार सांगतात.

घरी एक प्रयोग करून बघा. दोन सारख्या बाटल्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एकीला कोरडं फडकं गुंडाळा, दुसरीला ओलं. दोन्ही पंख्यासमोर अर्धा तास ठेवा आणि मग दोन्हींतल्या पाण्यात बोट घालून बघा. आमच्या वर्गात तर पैज लागली होती. कोण जिंकलं ते सांगत नाही.

आता या उंची, वारा आणि ओल तिघी एकत्र आल्या की शरीर काय करतं? चक्रीवादळात आपण घरात काय करतो, तेच. वारा वाढला की आधी पडवी रिकामी करतो. मग ओटीवरची माणसं आत येतात. शेवटी आजी, बाळ, सगळे माजघरात, दारं लावून. शरीराचं माजघर म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि मेंदू. पडवी म्हणजे हातापायांची बोटं, नाक, कान. थंडी वाढली की शरीर पडवीतलं रक्त आत ओढून घेतं. म्हणून बोटं आधी बधिर होतात, पांढरीफटक पडतात. त्यालाच पुढे हिमदंश होतो. फार झाला तर बोटं कापावी लागतात. हे ऐकून वर्ग पहिल्यांदा गप्प झाला, आणि ती मुलगी आपल्याच बोटांकडे बघायला लागली.

शरीर आणखी एक करतं, ते म्हणजे हुडहुडी भरवणं. दात वाजतात, अंग थरथरतं. ती थरथर म्हणजे स्नायूंनी मुद्दाम केलेली कसरत, ऊब तयार करण्यासाठी. हुडहुडी ही चांगली खूण आहे, पण धोक्याची घंटाही आहे. आपल्या शरीराच्या आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. आणि इथून पुढे जे होतं, ते सगळ्यांत वाईट. थंडी माजघरात शिरते आणि पहिल्यांदा चोरते ती अक्कल.

होय, अक्कल! माणूस बोलताना अडखळतो. साधी चेन लावता येत नाही. हातातली बॅटरी पडते आणि उचलायचा कंटाळा येतो. पाय वेडेवाकडे पडतात. आणि विचारलं की म्हणतो, "मला काही झालं नाही, तुम्ही व्हा पुढे, मी जरा बसतो." त्याला खरंच वाटत असतं की काही झालं नाही! कारण "काहीतरी बिघडलंय" हे ओळखणारा मेंदूच गार पडलेला असतो. पुढे तर हुडहुडीही थांबते. बघणाऱ्याला वाटतं, चला, बरं वाटलं याला. प्रत्यक्षात शरीराचं इंधन संपत आलेलं असतं. अगदी शेवटच्या टप्प्यात काही माणसांना फार उकडतंय असं वाटतं आणि ती अंगावरचे कपडे काढून टाकतात. बर्फात! हे डॉक्टरांनी अनेक ठिकाणी नोंदवून ठेवलेलं आहे.

या गोष्टी फक्त पुस्तकात घडत नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेरा जणांचा एक गट हिमाचल प्रदेशात जांगलिक गावाहून सांगला खोऱ्याकडे निघाला होता. वाटेत सुमारे पंधरा हजार फूट उंचीची बुरान घाटी ओलांडायची होती. तिथे जोरदार बर्फवृष्टीने त्यांना गाठलं. महाराष्ट्रातले तीन गिर्यारोहक तिथेच गेले. बाकीच्या दहा जणांना इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी वाचवलं. आपल्याकडे तेव्हा भातकापणी चालू असते, उन्हाने डोकं तापतं. तिथे माणसं थंडीने जातात!

आणि थंडी कॅलेंडर बघून येते असंही नाही. जून २०२४ मध्ये कर्नाटकातला बावीस जणांचा गट उत्तराखंडात सहस्रताल या उंचावरच्या तलावांच्या वाटेवर होता. हिमवादळ झालं, वाट दिसेनाशी झाली. त्यांतले नऊ जण दगावले. जून महिन्यात! तुम्ही तेव्हा नव्या वह्यांना कव्हरं घालत होतात.

ही माणसं वेडी होती का? मुळीच नाही. डोंगराची आवड असलेली, तयारी करून गेलेली माणसं होती ती. त्यांची चूक शोधत बसायचा आपल्याला अधिकार नाही. पण मला राहून राहून एक वाटत होतं. आमचा पोरगा निघालाय कोकणातून. त्याने आयुष्यात सगळ्यात मोठी थंडी पाहिलीय ती महाबळेश्वरच्या सहलीत. तिथे अंगावर थंडीचा चोर चढला, तर त्याला तो ओळखू येईल का?

मी निरोप धाडला. शनिवारी शाळा सुटल्यावर तो आला, आणि माझी अपेक्षा नव्हती, पण त्याचे बाबाही आले. ते मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. माणूस चार वाक्यं बोलला तर खूप. पोराने मला सगळा बेत सांगितला. सांकरी गावातून चढाई, जुडा का तालाबजवळ तंबू, मग आणखी वर एक मुक्काम, आणि शेवटच्या दिवशी पहाटे तीनला निघून सूर्योदयाला शिखरावर. बरोबर गावातला वाटाड्या. कपडे भाड्याने मिळणार. बेत चांगला होता. मी त्याला एकच विचारलं, "परत कधी फिरणार?"

"शिखरावर जाऊन आल्यावर, बाई."

"आणि नाही जाता आलं तर?"

तो हसला. म्हणाला, "बाई, एवढे पैसे भरून, एवढ्या लांब जाऊन अर्ध्यातून परत? सगळे भित्रे म्हणतील."

तेव्हा त्याचे बाबा बोलले. "बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की आम्ही बोट काढत नाय. बाहेर असलो तर परत येतो. डिझेलचे पैसे जातात. आम्हांला आजवर कोण भित्रं म्हटलंन?"

पोरगा गप्प झाला. मीही. चार दिवस मी वर्गात जे समजावत होते, ते त्या माणसाने एका बावट्यात सांगितलं.

मग आम्ही तिघांनी व्हरांड्यात बसून त्यांच्या सहलीचा बावटा ठरवला. चांगला कागदावर लिहून काढला. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, तर वरच्या मुक्कामातून पुढे पाऊल टाकायचं नाही. (तुम्हांला रेड अलर्ट म्हटलं की पावसाळ्यातली सुट्टी आठवते, ठाऊक आहे मला!) सकाळी आठ वाजले की जिथे असतील तिथून मागे, शिखर समोर दिसत असलं तरी. वाटाड्या "नको" म्हणाला की त्याच्याशी वाद घालायचा नाही. आणि पाचांपैकी एकाचंही बोलणं अडखळायला लागलं, तर पाचही जण खाली. तो स्वतः "मी ठीक आहे" म्हणाला तरी. किंबहुना तसं म्हणाला तर नक्कीच.

हे इथे पावसला, उबेत बसून लिहायचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल. वर अक्कल जागेवर असेल याची खात्री नाही. म्हणून ती निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून खिशात ठेवायची.

कागद खिशात घातला तरी त्याचा चेहरा जरा उतरलेलाच होता. म्हणून मी त्याला शॅकल्टनची गोष्ट सांगितली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल कुणाचं, अशी चढाओढ होती. ९ जानेवारी १९०९ ला अर्नेस्ट शॅकल्टन आणि त्याचे तीन सोबती ध्रुवापासून फक्त सुमारे १८० किलोमीटरवर पोचले होते. त्यांच्याआधी तिथवर कुणीही गेलेलं नव्हतं. पण अन्न संपत आलं होतं. पुढे गेले असते, तर कदाचित ध्रुव गाठलाही असता, पण परतीच्या वाटेवर उपाशी मेले असते. शॅकल्टन मागे फिरला. चौघेही जिवंत परत आले. ध्रुवाचा मान पुढे १९११ साली अमुंडसेनला मिळाला. पण शॅकल्टनचं नाव काही पुसलं गेलं नाही, आपण पावसच्या व्हरांड्यात बसून घेत होतोच की!

पालकांसाठी दोन शब्द. मुलं मोठी झाली की डोंगरात जाणारच, आणि जावंच. आपल्या सह्याद्रीतही हिवाळा हाच भटकंतीचा मोसम. इथे बर्फ नाही, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, वाळक्या गवतावरून आणि घसाऱ्यावरून पाय सटकतो, आणि उघड्या गडमाथ्यावर रात्रीचा वारा ओल्या घामावर बसला की तिथेही दातखिळी बसते. मुलांच्या पिशवीत बॅटरी आणि कोरडे कपडे आहेत ना, एवढं बघा. कुणी गारठलाच तर आधी वाऱ्यातून आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, जमिनीचा गारवा लागू नये म्हणून खाली काहीतरी अंथरा. शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल, तरच गरम गोड पाणी पाजा. बोटं चोळू नका, विस्तवावर धरू नका. त्याला एकट्याला झोपू देऊ नका. लवकरात लवकर खाली, डॉक्टरांकडे. आणि "दोन घोट ब्रँडी दिली की ऊब येते" हा समज मनातून काढून टाका. दारूने कातडीकडे रक्त धावतं, क्षणभर गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं तर थंडीपेक्षाही घातक. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

तर पोरं गेली. ते आठ दिवस वर्गात रोज पहिला तास केदारकांठ्याचा. मुलांनी वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या चौकटी कापून आणल्या. बहीण सकाळी येऊन सांगायची, "काल फोन लागला," नाहीतर, "काल फोन नाही लागला." न लागलेल्या दिवशी मीही शुद्धलेखनाच्या वह्या दोनदा तपासल्या आणि दोन्ही वेळा चुका सोडल्या.

जानेवारीत एके दिवशी तो स्वतःच वर्गात येऊन उभा राहिला. नाक सोललेलं, चेहरा रापलेला. मी त्याला फळ्यापाशी खुर्ची दिली आणि म्हटलं, "सांग."

त्याने सांगितलं ते असं. शेवटच्या चढाईला पहाटे तीनला निघाले. वारा होता. दोन तासांनी त्याच्या एका मित्राच्या हातून काठी पडली. उचलून दिली, पुन्हा पडली. मित्र एरवी बडबड्या, पण आता विचारलं की नुसता "हं" म्हणे. मग म्हणाला, "मी ठीक आहे, मी इथे बसतो, तुम्ही जाऊन या." आमच्या पोराने कागद बाहेरसुद्धा काढला नाही, त्याला तो पाठ होता. वाटाड्याला सांगितलं. वाटाड्याने मित्राच्या तोंडावर बॅटरी मारली आणि एकच शब्द बोलला, "नीचे." मित्र चिडला, भांडला. दुसरा एक जण म्हणाला की यांना जाऊ द्या खाली, आपण तिघं वर जाऊ. त्यावरून तिथे अंधारात, बर्फात, दोन मिनिटं वाद झाला. पण शेवटी पाचही जण खाली उतरले. तंबूत आल्यावर मित्राचे ओले मोजे काढले, कोरडे कपडे घातले, स्लीपिंग बॅगेत गुंडाळला, साखरेचं गरम पाणी दिलं. बऱ्याच वेळाने तो कुडकुडायला लागला. त्याचे दात वाजायला लागले, तेव्हा वाटाड्या पहिल्यांदा हसला.

"शिखर किती राहिलं होतं?" एका मुलाने विचारलं.

"तासाभराचं असेल."

"अर्रर्र!" अख्खा वर्ग.

"मलापण वाईट वाटलं," तो म्हणाला. "दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललोसुद्धा नाही." मला आवडलं की त्याने हे लपवलं नाही.

त्यानंतर प्रश्नांची सरबत्ती झाली. त्यांतले निम्मे प्रश्न बर्फात परसाकडे कसं जातात याबद्दल होते. त्याने सविस्तर उत्तरं दिली. ती मी इथे छापायला देत नाही.

त्याची बहीण मात्र पहिल्या बाकावर बसून काहीच विचारत नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती आणि ओठांतल्या ओठांत मोजत होती. दहापर्यंत मोजून झाल्यावर तिने वही उघडली.

तुमच्या बाई